शेंदराच्या दगडाखालचं पाणी

समुद्रकाठची विहीर तळापर्यंत उपसायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण सांगितलं होतं. माझ्या बायकोनं विहिरीच्या काठावर उभं राहून दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि त्या न ऐकण्याचा बोल जिनं जन्मभर आपल्या माथ्यावर वागवला ती माझी सासू आता नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझं शिक्षण तिसरी, तीही पुरी नाही. आमचं गाव घाटावर, माणदेशात. वडील विहिरी खणायचे. टोळीतल्या एकाचा हात सुरुंगात गेला, दोराला माणूस कमी पडलं, तसं त्यांनी मला शाळेतून काढलं. मास्तर घरी आले. म्हणाले, पोराचं अक्षर चांगलं आहे, राहू द्या. वडील म्हणाले, "अक्षर चांगलं आसंल मास्तर, पण अक्षरानं दगूड वर येत न्हाई." मास्तर परत गेले. मी दोराला लागलो.

वडिलांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे जितकं खोल तितकं गोड. दुसरी म्हणजे विहीर नासली तर ती कोरडी करायची. आमच्याकडं दर चैत्रात गावची विहीर तळापर्यंत उपसत. गाळ काढत, तळाच्या झऱ्याला हळदकुंकू वाहत आणि मग नवं पाणी येईस्तोवर सगळा गाव काठावर बसून राही. त्या पाण्याचा पहिला घोट वडिलांना मिळायचा. माझ्या वडिलांना गावात मान होता तो एवढाच.

मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्यातली काही माणसं रस्त्याच्या खडीच्या कामावर अलिबागच्या बाजूला उतरली. तिथं मला हिवताप लागला. टोळी पुढं गेली. मी चौलात एका वाडीच्या कडेला पेंढ्याच्या खोपीत पडून राहिलो. वाडी एका विधवा बाईची होती. तिला दोन मुली, मुलगा नाही. थोरली पालीच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली, धाकटी घरात. ही बाई रोज सकाळी पेजेचं भांडं खोपीच्या दारात ठेवायची आणि म्हणायची, "मेलास तर माझ्या वाडीत मरू नको बाबा, पोफळी भितात." असं म्हणत तिनं मला महिनाभर जगवलं.

उठून बसता आलं तसं मी तिच्या विहिरीकडं पाहिलं. एका बाजूचं बांधकाम ढासळलं होतं. फिटंफाट म्हणून मी ते बांधून दिलं. मग रहाटाचा खांब बदलला. मग आणखी काही. तेही माळी, आम्हीही माळी, एवढं एक जुळलं. बाकी काही जुळण्यासारखं नव्हतं. पुढच्या वैशाखात धाकटीशी माझं लग्न झालं आणि मी त्या घरचा घरजावई झालो. गावात माझं नाव पडलं घाटी जावय.

घरजावयाच्या जिवाला स्वस्थता नसते. मी भात दुसऱ्यांदा मागत नसे. ओटीवर बसलो तर कडेला बसे. येताना आणलेलं गाठोडं मी पडवीच्या खुंटीला अडकवलं होतं. त्यात एक सदरा, एक कांबळं आणि बांधकाम सरळ आहे का ते पाहायची ओळंब्याची दोरी. दोन वर्षं झाली तरी मी ते सोडलं नव्हतं. का, ते मला विचाराल तर सांगता येणार नाही. कुणी 'जा' म्हटलं तर शोधाशोध नको, एवढंच असावं.

आता विहिरीविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातच आहे. चौलच्या वाड्या म्हणजे माड आणि पोफळी, आणि पोफळ म्हणजे पाणी. पावसाळा सरला की दिवसाआड पाणी लागतं. विहिरीवर लाकडी रहाट, रहाटावर गाडग्यांची माळ. रेडा गोल फिरतो, गाडगी खाली जातात, भरून वर येतात, पन्हळीत ओततात. सासूबाई रोज पहाटे फटफटलं की रहाट जोडायच्या आणि ऊन चढायच्या आत सोडायच्या. विहिरीच्या आतल्या बाजूला, पुरुषभर खाली, एक दगड शेंदूर लावलेला होता. पाणी त्या दगडाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गाडग्यांची माळसुद्धा तेवढीच लांब ठेवलेली, की दगडाच्या खाली पोचूच नये. मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खालचं पाणी आसरांचं. आपलं वरचं."

साती आसरा, पाण्यातल्या देवी, आमच्याकडंही आहेत. आमच्या आसरांना दर चैत्रात कोरड्या विहिरीत उभं राहून हळदकुंकू मिळतं, त्या काही रागावत नाहीत. मी मनात हसलो. तोंडानं काही बोललो नाही. बायकांचा समज, म्हटलं, असू दे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि थोरल्या मेव्हणीचं बाळंतपण जवळ आलं म्हणून सासूबाई भाऊबीजेनंतर बैलगाडीनं निघाल्या. गाडीत बसताना त्यांनी मुलीला चार गोष्टी सांगितल्या आणि मला एकच. "जावयबापू, इरीकडं तुमचं लक्ष असू द्या." मला आठवतं, मी किती ताठ झालो होतो. घरातली एक तरी वस्तू माझ्या हवाली होती.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आभाळ काळवंडलं. आमच्या वाडीला लागून, थोडं उंचावर, मशिदीच्या बाजूला एका म्हाताऱ्या मुसलमान तांडेलाचं घर होतं. सगळी आळी त्यांना चाचा म्हणे. त्यांचा जन्म पडाव, म्हणजे शिडाची गलबतं, हाकण्यात गेलेला. ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "घाटी जमाई, दर्या दळतोय. ऐकतोस?" मी कान दिला. खरंच, लांबून जातं फिरावं तसा आवाज येत होता. "हे दळण घरात येनार," ते म्हणाले. "धान्य माळ्यावर टाक. गुरं माझ्याकडं वर आन."

मी भात माळ्यावर टाकलं, रेडा आणि गाय वर नेली. चाचांचं ऐकलं. तांडेलाचं ऐकलं आणि बायकोचं ऐकलं नाही, हे नंतर मला पुष्कळदा टोचलं.

वारा पहाटे सुरू झाला. माडाचं झाड वाकतं हे मला ठाऊक होतं. पोफळी मोडतात कशा ते पाहिलं नव्हतं. एक मोडली की तिच्या आवाजानं दुसरी मोडते असं वाटे. कौलं उडत नव्हती, एकेक करून उचलली जात होती, जणू कुणी निवडून नेतंय. मागच्या पडवीवरचे झावळ्यांचे झाप तर पहिल्या तासातच गेले. मी आणि बायको माजघराच्या आतल्या भिंतीला पाठ लावून बसलो. ती म्हणाली, "तुमच्या गावाला असं व्हतं?" मी म्हणालो, "आमच्या गावाला एवढं पानी कुठलं?" आणि दोघं हसलो. भीतीत माणूस कशालाही हसतं.

भर दुपारी उधाणाची भरती होती. वारा तिच्या पाठीवर बसून आला. खाडीचा बांध फुटला आणि पाणी वाडीतून चालत आलं. धावत नाही, चालत. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबलं आणि आत आलं. चूल विझल्याचा फस्स आवाज मला आजही येतो. आम्ही माळ्यावर चढलो. पाणी गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत चढलं. ओहोटी लागली तसं आलं तसंच निघून गेलं. जाताना आमचं पोळपाटाजवळचं लाटणं नेलं आणि कुणाच्या तरी घरचा एक लाकडी पाट आणून ठेवला. तो पाट कुणी न्यायला आलं नाही. अजून आमच्याकडं आहे.

त्या वर्षी दीपमाळेवर पणत्या लागल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आभाळ निळं, जसं काही झालंच नाही. घरात घोटाभर काळा चिखल. त्यात खेकडे, शेवाळ, एक मेलेला मासा चुलीच्या भोकात. आम्ही कामाला लागलो. मी आधी छपरावर, कारण रिकाम्या छपराखाली स्वच्छ करून काय उपयोग? शाबूत कौलं वाडीभर शोधून आणली, पुढच्या अंगाला बसवली. मागच्या अंगाला पुरली नाहीत, तिथं पडलेल्या माडांच्याच झावळ्या विणून झाप केले. पडलेल्या झाडानं पडलेलं घर झाकायचं. बायको आतून चिखल खरवडून टोपल्यांनी बाहेर टाकत होती. तिचे हात मिठानं चिरले होते, पण ती कण्हली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं जमीन सारवली. सकाळी पाहतो तो सारवण पापुद्र्यासारखं उठलेलं. पुन्हा सारवली, पुन्हा उठलं. पलीकडच्या आळीतली एक म्हातारी सांगून गेली, "अगो, खारावर शेण धरत न्हाय. वीतभर माती काढ नि नवी घाल." तेव्हा सबंध घराची जमीन वीतभर खणून काढली, डोंगराच्या पायथ्याची लाल माती आणून घातली, चोपली, मग सारवलं. आपल्याच घरात फावड्यानं खणताना माणसाला कसं वाटतं ते मी सांगू शकत नाही. थडगं खणल्यासारखं वाटतं, असं बायको म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

आणि विहीर. विहिरीत वाडीभरचा कचरा तरंगत होता. पाणी जिभेवर ठेवलं तर समुद्रच. सगळ्या आळीच्या विहिरींचं तेच झालं होतं, फक्त चाचांची उंचावरची तेवढी वाचली. लोक काय करत होते तर कचरा काढत होते आणि रोज सकाळी वरचं थोडं पाणी उपसून टाकून बाकीचं सोडून देत होते. मला ते पाहून कीव आली. म्हटलं, विहिरीचं काम कसं करतात ते या लोकांना माहीतच नाही. आणि इथं तर मीच एक माणूस आहे ज्याला माहीत आहे.

खरं सांगायचं तर माझ्या मनात सासूबाई परत येत होत्या. गाडीतून उतरतात, विहिरीकडं येतात, मी पोहऱ्यानं पाणी काढून त्यांच्या ओंजळीत घालतो आणि ते गोड असतं. एवढं चित्र पाहून मी कामाला लागलो.

रहाटावर माड पडला होता. चाक सांधलं. मग गाडग्यांच्या माळेला दोर जोडला आणि आणखी गाडगी बांधली, म्हणजे ती तळापर्यंत जाईल. बायको कडेला उभी होती.

"अवो, माळ लांब केलीत?"

"व्हय. तळ काढायचा."

"आई दगडाच्या खाली जाऊ देत न्हाय."

"तुझी आई हितं असती तर तिनंबी हेच केलं असतं."

"नसतं केलं. तिला येऊ द्या. चार दिसांचं काम."

तेव्हा मी जे बोललो ते बोलायला नको होतं. "माझ्या बापानं चाळीस हिरी खणल्या. हिरीचं मला तू शिकिवनार?"

ती माळेपासून बाजूला झाली. रेडा जोडायला मात्र तिनंच धरला, कारण माझा हात त्याला अजून मानत नव्हता. रेडा फिरायला लागला तशी ती एकदाच म्हणाली, "आसरांचं पाणी हाय ते." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

दोन दिवस रहाट चालला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पाणी चाखलं तर खार थोडा उतरलेला. मी बायकोला बोलावून चाखवलं. तिनं मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी शेंदराचा दगड उघडा पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तळ दिसला. मी उतरलो, गाळ टोपल्यांनी वर दिला, हातांनी तळ पुसला. वडिलांची आठवण आली. झऱ्यांना हळदकुंकू वाहिलं. वर आलो तेव्हा अंग चिखलानं भरलेलं आणि मन भरून आलेलं. मला आठवतं, त्या दिवशी मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

सकाळी विहीर भरली होती, अगदी दगडापर्यंत. पाणी काचेसारखं. तळाचा वाळूचा कण दिसत होता. मी पोहरा काढला आणि ओंजळ भरून तोंडात घेतली.

नुसतं खारं नव्हतं. कडू होतं. उधाणाचं पाणी आलं होतं त्याच्याहून वाईट.

पुन्हा पोहरा सोडला, दुसऱ्या बाजूनं सोडला, जणू विहिरीला बाजू असतात. बायको मागं येऊन उभी राहिली. तिनं पोहऱ्यात बोट बुडवून जिभेला लावलं. डोईवर हंडा ठेवला आणि डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीकडं चालायला लागली. तिची ती पाठ मी विसरलो नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी सासूबाई आल्या. नात झाली होती, ओढे उतरेपर्यंत तिकडं अडकल्या होत्या. येताहेत असा निरोप आला तसं मी सकाळीच खुंटीवरचं गाठोडं काढून दारापाशी ठेवलं होतं. त्या आल्या, ओटीवर न चढता सरळ विहिरीवर गेल्या. मी मागून. त्यांनी आधी पाण्याकडं पाहिलंच नाही. माळेकडं पाहिलं. लांब केलेल्या माळेकडं. मग भिंतीवरच्या त्या दगडाकडं, ज्याचा शेंदूर गाळाच्या टोपल्यांनी घासून निघाला होता. मग पोहरा काढून ओंजळ घेतली, चूळ भरली आणि कडेला टाकली.

मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "दुपारी काय खाल्लंत?"

"पेज."

"पेजेनं काय व्हतंय," म्हणाल्या आणि घराकडं वळल्या. दारातलं गाठोडं दिसलं. कुणाचं म्हणून विचारलं नाही. उचललं आणि परत खुंटीला अडकवलं.

तिसऱ्या प्रहरी आळीतले चार लोक विचारपूस करायला आले. त्यात आमच्या शेजारच्या वाडीचा मालक होता, पोट सुटलेला, जिभेनं तिखट. मी पडवीत झाप विणत होतो हे त्याला दिसत होतं, तरी मोठ्यानं म्हणाला, "काय गो वयनी, घाटी जावयानं इहीर बाटवली म्हन तुजी? आमची बघ, आता आंघोळीला चालते. तुज्या इहिरीत मीठ पिकव आता. मिठागर काढ!"

बाकीचे हसले. माझ्या हातातली झावळी थांबली.

सासूबाई सुपारी कातरत होत्या. कातरणं न थांबवता म्हणाल्या, "जावयबापू कशाला बाटवतील? मीच सांगून गेले व्हते. दर्याचं पाणी शिरलं तर तळ काढा म्हणून."

"तू?" तो म्हणाला. "तुला म्हाईत न्हाय?"

"चुकलं माझं. म्हातारपण. तुला सुपारी देऊ का पान हवंय?"

तो तिच्याकडं बघत राहिला. गेली चाळीस वर्षं ती विहीर राखणारी बाई. पण तोंडावर खोटं म्हणणार कसा? सुपारी घेऊन गेला. त्या दिवसापासून गावात झालं ते असं, की म्हातारीचं डोकं फिरलं आणि तिनं आपली विहीर आपल्या हातानं बुडवली.

पुढचे आठ-नऊ महिने आम्ही कावडीनं पाणी वाहिलं. चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझी इहीर हाय. ने." आणि मग सासूबाईंकडं पाहून डोळे मिचकावले, "पन भाभी, झाडांना चालंल ना आमचं पानी? का पोफळींना इचारायचं?" सासूबाई म्हणाल्या, "इचारलं. म्हणतात, आधी पाणी ओत, मग जात सांग." चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. महिनाभर ते पाणी झाडांनाच गेलं, पिण्याचं डोंगराच्या पायथ्यावरून येई. नंतर एक दिवस सासूबाईंनी त्यातली एक कळशी उचलून स्वैपाकघरात नेली. कुणी काही बोललं असतं तर ऐकायला त्यांना वेळ नव्हता.

कावड माझ्या खांद्यावर होती. मी ती दुसऱ्याला घेऊ देत नसे. सबंध वाडी तशी भिजवणं शक्यच नव्हतं. आधी वरच्या अंगाच्या पोफळी वाचवायच्या आणि खालच्या सोडायच्या असं सासूबाईंनी ठरवलं. खालच्या पोफळी शेंड्याकडून पिवळ्या पडत गेल्या. रोज येताजाता त्या दिसत. शेजाऱ्यांच्या विहिरी होळीच्या सुमाराला पिण्याजोग्या झाल्या. आमची तशीच.

मी वडिलांना पोस्टकार्ड टाकलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मास्तरांनी वाचून दाखवलं असणार, कारण उत्तर मास्तरांच्या अक्षरात आलं. तुझ्या वडिलांचं म्हणणं असं आहे की पाणी खारट लागलं म्हणजे खोली कमी पडली. आणखी दोन पुरुष खण. खाली गोड झरा असतोच. खाली मास्तरांनी आपल्या मनानं एक ओळ लिहिली होती. अक्षर अजून चांगलं आहे.

कार्ड घेऊन मी दोन दिवस फिरलो. कुदळ हाताशी होती. खणायला मला कुणाची परवानगी लागली नसती. पण या वेळी मी कार्ड घेऊन सासूबाईंसमोर जाऊन बसलो आणि वाचून दाखवलं. त्या वाल निवडत होत्या. पुरं ऐकून घेतलं.

"तुमच्या गावाला खरं असंल ते."

"हितं न्हाई?"

"हितं खाली दर्या हाय." त्यांनी सुपातले वाल सारखे केले. "हा सगळा चौल दर्यावर तरंगतोय असं समजा. पावसाचं गोडं पाणी वर बसतंय, दुधावर साय बसते तसं. साय अलगद काढावी. खालचं ढवळलं की संपलं."

मी म्हणालो, "हे आधी का न्हाई सांगितलं?"

"मला माझ्या सासूनं आसरांचं म्हणून सांगितलं. मला तेवढं पुरलं." सुपातला एक खडा वेचून टाकला आणि म्हणाल्या, "तुम्हाला पुरलं न्हाय. तुम्ही कामातली माणसं. माझीबी चूक झाली. सांगायला हवं व्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी कार्डाकडं पाहत राहिलो. मग विचारलं, "आता काय करायचं?"

"काय न्हाय. हात लावायचा न्हाय. पाऊस पडू द्यायचा."

हात न लावणं हे कावडीपेक्षा जड गेलं. माझ्यासारख्या माणसाला काम हातात नसलं की आपण या घरात कशाला आहोत हा प्रश्न पडतो. पाऊस सुरू झाला तसा मी रोज काठावर जाई. आषाढात पाणी मचूळ लागू लागलं. मी धावत जाऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जीभ फसते. वाल फसत न्हाय." खाऱ्या पाण्यात वाल कितीही शिजवा, दाताखाली कचकन वाजतो. त्यांनी त्या पाण्यात मूठभर वाल शिजवून पाहिले. कचकन वाजले. गुरांना घातले.

श्रावणातल्या एका सोमवारी मी वाडीतून आलो तर पडवीतली खुंटी रिकामी. आत गेलो. चुलीवर वालाचं बिरडं रटरटत होतं. बायको सोललेल्या वालांच्या साली गोळा करत होती.

"माझं गाठोडं?"

"सोडलं. फडकं चांगलं दाट व्हतं. उद्याचे वाल बांधून मोड आणायला घेतलं." तिनं वर पाहिलं. "तुमचा सदरा पेटीत ठेवलाय माझ्या लुगड्यांखाली. कांबळं उन्हात टाकलंय, दोरी माळ्यावर हाय. काय हवंय त्यातलं?"

"काय न्हाई," मी म्हणालो.

सासूबाईंनी पळीनं एक वाल काढला, फुंकला, बोटांत धरून दाबला. तो दबला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. लोण्यासारखा. बिरडं आमच्या विहिरीच्या पाण्यातलं होतं हे कुणी मला सांगावं लागलं नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी शेंदराची पुडी आणि तेलाची वाटी माझ्या हातात दिली. मी दोर धरून विहिरीत उतरलो. पाणी दगडाच्या वर वीतभर होतं, म्हणून पाण्यातच हात घालून दगड घासला. शेंदूर धरेना. त्या वरून ओरडल्या, "आज न्हाय धरत. माघात पाणी उतरंल तेव्हा लावा. तुम्हीच लावा." त्या 'माघात' शब्दावर मी किती दिवस जगलो!

तो माघ आला, शेंदूर लागला. खालच्या अंगाच्या पोफळी गेल्या त्या गेल्याच. तिथं आम्ही नवी रोपं लावली. ती फळाला यायला बरीच वर्षं लागली, आणि त्या सगळ्या वर्षांत गावात कुणी आमच्या वाडीतून गेलं की म्हणे, म्हातारीनं विहीर उपसायला लावली तेव्हा ही गेली. एकदा मी न राहवून सासूबाईंना म्हणालो, "मी आता लोकांना खरं सांगतो." त्या म्हणाल्या, "राहू द्या. माझ्या नावावर ते खपलं. मी हितली. तुमच्या नावावर खपलं नसतं, तुम्ही घाटावरचे. पोरं व्हतील तुम्हाला, त्यांना या गावात राहायचं हाय." मी गप्प बसलो. त्या होत्या तोवर गप्प बसलो. नंतर मुलं मोठी होईस्तोवर गप्प बसलो.

रहाट आजही माझ्या हातचा आहे. माळ दगडाच्या वरच संपते. परवा धाकट्या सुनेला गाडगी बांधताना पाहिलं. ती सहज म्हणाली, "मामंजी, आजेसासूबाईंनी एकदा तळ काढला व्हता ना, म्हणून खालच्या पोफळी गेल्या?"

तिला मी खाली बसवलं आणि सांगितलं. नाही पोरी. त्यांनी नाही. विहीर मी उपसली होती.